रस्त्यावरच्या ४५४ साठी हेड आणि कॅम: आधी कॉम्प्रेशनचा हिशेब, मग कॅटलॉग

शेवरोलेचं बिग ब्लॉक, म्हणजे त्यांचं मोठ्या घनफळाचं व्ही-८ इंजिन, बांधायला घेतलं की बहुतेकजण आधी कॅम (व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा) पसंत करतात, मग परवडतील ती हेड (सिलिंडरवरची, व्हॉल्व्ह असलेली झाकणं), आणि कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं) किती आलं ते इंजिन जुळवून झाल्यावर बघतात. म्हणूनच इतकी ४५४ (क्युबिक इंचांची) इंजिनं आवाजाला जबर आणि सिग्नलवरून निघताना ढिली असतात. हेड, कॅम आणि कॉम्प्रेशन हा एकच निर्णय आहे. त्यातलं एक बदललं की उरलेली दोन पुन्हा तपासावी लागतात.

इथे ४५४ च घेतलंय, कारण अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींना बिग ब्लॉक म्हणून सर्वात जास्त तेच मिळतं. मार्क ४ नावाचं हे इंजिनांचं घराणं १९६५ मध्ये ३९६ पासून सुरू झालं आणि १९७० मध्ये ४५४ आलं. बोअर ४.२५० इंच, स्ट्रोक ४.००० इंच, म्हणजे एका सिलिंडरमध्ये जवळपास ९३० सीसी. १९७० च्या शेवेलमधल्या एलएस६ ला ११.२५ कॉम्प्रेशन आणि ४५० हॉर्सपॉवरचं रेटिंग होतं, तेही तेव्हाच्या ग्रॉस पद्धतीने, म्हणजे गाडीतली जोडणी न लावता मोजलेलं. पण भंगारवाल्याकडे किंवा जुन्या पिकअपमधून जे ४५४ हाती येतं, ते बहुधा नंतरचं असतं: ओपन चेंबरची (ज्वलनाची पोकळी मोठी, उघडी असलेली) हेड, सपाट किंवा खोलगट पिस्टन, कॉम्प्रेशन आठ-सव्वाआठच्या आसपास. एलएस६ च्या गोष्टी ऐकून त्याच्यासारखा कॅम या इंजिनात टाकला की घोटाळा झालाच म्हणून समजा.

गाडी आधी मोजा

इंजिन कोणत्या आरपीएममध्ये जगणार आहे, हे गाडी ठरवते. हिशेब सोपा आहे: ताशी मैल गुणिले मागच्या अॅक्सलचं गिअर गुणोत्तर गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. २७ इंची टायर, ३.३१ चा अॅक्सल आणि ताशी ६५ मैल म्हणजे सुमारे २,६८० आरपीएम. ३.७३ चा अॅक्सल लावला तर ३,०००, आणि ४.१० ला ३,३०० च्या वर. सोबत ०.७ चा ओव्हरड्राइव्ह असेल तर ३.७३ वरही इंजिन २,१०० वर आरामात फिरतं.

टीएच४०० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मूळचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग) आणि ३.३१ चा अॅक्सल असलेल्या दीड-पावणेदोन टनांच्या गाडीला १,५०० ते ५,००० हा पट्टा लागतो. त्या गाडीत ३,००० च्या खाली झोपणारा कॅम घालून काही साधत नाही. ४५४ मध्ये टॉर्क फुकट मिळतो. नीट जुळलेलं रस्त्यावरचं इंजिन दर क्युबिक इंचाला १.१ पाउंड-फूट सहज देतं, म्हणजे ५०० पाउंड-फूट. या इंजिनाला शक्तीसाठी ७,००० आरपीएम गाठायची गरज नाही, आणि मूळचे जड व्हॉल्व्ह घेऊन ते तिथे धड टिकतही नाही.

कॉम्प्रेशनचा हिशेब

इथे घाई करू नका. चार गोष्टी मोजायच्या: चेंबरचं आकारमान, गॅस्केटचं आकारमान, पिस्टन वरच्या टोकाला आल्यावर डेकपासून (ब्लॉकच्या वरच्या सपाटीपासून) किती खाली राहतो ते, आणि पिस्टनच्या डोक्यावरचा डोम (उंचवटा) किंवा खळगा. कॅटलॉगमधला चेंबरचा आकडा नुसता मानू नका. प्लेक्सिग्लासची पट्टी ग्रीस लावून चेंबरवर बसवा, ब्युरेटने रंगीत स्पिरिट सोडा आणि आठही चेंबर मोजा. जुन्या, पूर्वी घासलेल्या हेडमध्ये चेंबर-चेंबरमध्ये दोन-तीन सीसीचा फरक निघतो.

समजा अॅल्युमिनियमची ११० सीसीची हेड आहेत. गॅस्केटचा व्यास ४.३७ इंच आणि दाबल्यावर जाडी ०.०३९ इंच, म्हणजे ९.६ सीसी. पिस्टन डेकपासून ०.०२० इंच खाली, म्हणजे ४.७ सीसी. सपाट पिस्टनवरच्या व्हॉल्व्हच्या खाचांचे ३ सीसी. बेरीज सव्वाशेच्या थोडी वर, १२७ सीसी, आणि कॉम्प्रेशन ८.३. नवी कोरी महागडी हेड लावूनही ८.३! त्याच जागी १८ सीसीच्या डोमचे पिस्टन घातले तर १०६ सीसी उरतात आणि कॉम्प्रेशन ९.७५ होतं. ११९ सीसीच्या ओपन चेंबरच्या लोखंडी हेडखाली सपाट पिस्टन ठेवले तर आकडा ७.८ वर येतो. बिग ब्लॉकचं चेंबर मोठं असतं, म्हणून स्मॉल ब्लॉकच्या सवयीने सपाट पिस्टन मागवणारा इथेच फसतो.

डोमची एक अडचण आहे. ओपन चेंबरसाठी बनवलेला भरीव डोम क्लोज्ड चेंबरच्या, म्हणजे लहान बंदिस्त पोकळीच्या, हेडला आदळतो. उलट दिशेने, म्हणजे क्लोज्ड चेंबरचा पिस्टन ओपन हेडखाली, सहसा बसतो. फक्त कॉम्प्रेशन कमी मिळतं. पिस्टन घेण्याआधी तो कोणत्या चेंबरसाठी आहे, हे विचारून घ्याच.

मला स्वतःला लोखंडी हेडची एक जोडणी फार आवडते: १९६८ ते १९७० मधली, सुमारे १०१ सीसीची क्लोज्ड चेंबर ओव्हल पोर्ट (लंबगोल वायुमार्गाची) हेड, डेकच्या बरोबरीला आणलेले सपाट पिस्टन आणि तेच ०.०३९ चं गॅस्केट. कॉम्प्रेशन ९.२ येतं, डोम नसल्यामुळे ज्योत मोकळी पसरते, आणि पिस्टन व हेडच्या सपाट भागात ०.०३९ इंचच फट राहते. ही फट ०.०४० च्या आसपास असली की उरलेलं मिश्रण जोरात ढवळलं जातं आणि इंजिन नॉक करत नाही (मिश्रण अवेळी पेटून ठोके पडत नाहीत). तीच फट ०.०६० झाली की कॉम्प्रेशन कमी असूनही इंजिन नॉक करतं. डेक घासायचे पैसे कॅमच्या आधी खर्च करा.

पंपावरच्या पेट्रोलवर लोखंडी हेडला ९ ते ९.५ आणि अॅल्युमिनियमला १० ते १०.५ पर्यंत जाता येतं. भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी: अमेरिकन पंपावरचा ९१ किंवा ९३ हा आकडा आरओएन (रिसर्च ऑक्टेन) नसतो, तर आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन) यांची सरासरी असते. तिकडचं ९१ म्हणजे आपल्या मोजणीत साधारण ९५-९६ आरओएन.

पोर्ट: ओव्हल की आयताकृती

फॅक्टरीच्या हेडचे तीन प्रकार आहेत. सगळ्यात लहान पोर्टची, ज्यांना तिकडे पीनट पोर्ट म्हणतात, ती पिकअपच्या कामाची. ४,५०० च्या वर त्यांचा श्वास संपतो. मग मोठ्या ओव्हल पोर्टची, इनटेकला २.०६ आणि एक्झॉस्टला १.७२ इंची व्हॉल्व्ह असलेली. आणि आयताकृती पोर्टची, सव्वातीनशे सीसीच्या जवळपासचे पोर्ट आणि २.१९ इंची इनटेक व्हॉल्व्ह असलेली. कास्टिंग नंबर व्हॉल्व्ह कव्हर काढलं की रॉकरच्या मधे दिसतो. ०४९ आणि ७८१ ही ओपन चेंबरची मोठी ओव्हल, २९० ही १९७० ची क्लोज्ड चेंबरची ओव्हल, २९१ ही त्याच काळातली क्लोज्ड चेंबरची आयताकृती.

रस्त्यावरच्या ४५४ ला ओव्हल हेडच घ्या. आयताकृती पोर्टची कीर्ती रेसिंगमधली आहे, तिथे ती खरी आहे. पण एवढ्या रुंद पोर्टमधून २,५०० आरपीएमला हवा रेंगाळते, पेट्रोलचे थेंब भिंतींना चिकटतात, आणि पायाखाली पोकळी जाणवते. शिवाय त्या पोर्टचा खरा फायदा ०.६०० इंचाच्या वरच्या लिफ्टला (व्हॉल्व्हच्या उघडण्याला) मिळतो, जिथे रस्त्यावरचा हायड्रॉलिक कॅम सहसा पोचत नाही.

आकड्यांत बघायचं तर पोर्टची सर्वात अरुंद जागा किती हवी याचा एक अंदाज आहे: बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले आरपीएम गुणिले ०.००३५३, भागिले ६१४. सगळी मापं इंचांत. ४५४ साठी ५,५०० ला २.२८ चौरस इंच येतात, ६,५०० ला २.७. बोअर ४.५ आणि स्ट्रोक ४.२५ इंचाच्या ५४० ला मात्र ५,५०० लाच २.७ लागतात. म्हणजे जो पोर्ट ४५४ ला मोठा आहे तोच ५४० ला नेमका बसतो. हेड चांगलं की वाईट हे घनफळाशी जोडूनच ठरतं. हवेच्या बाजूने दुसरा अंदाज असा: २८ इंच पाण्याच्या दाबाला इनटेक पोर्ट जितके सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) देतो, त्याच्या दुप्पट हॉर्सपॉवर ही आठ सिलिंडरची वरची मर्यादा. २५० सीएफएमच्या ओव्हल हेडवर ५०० चं स्वप्न मर्यादेलाच टेकतं, ४५० आरामात.

बिग ब्लॉकच्या व्हॉल्व्ह तिरक्या असतात, इनटेक २६ अंशांवर आणि एक्झॉस्ट १७ अंशांवर, आणि दोन्हींना आणखी ४ अंशांची बाजूची कलती आहे. रॉकर वेगवेगळ्या दिशांना उभे दिसतात म्हणून याला साळिंदर हेड असं टोपणनाव पडलं. या रचनेमुळे व्हॉल्व्ह उघडताना सिलिंडरच्या भिंतीपासून दूर सरकते, हा मोठा फायदा. पण चारपैकी दोन इनटेक पोर्ट हवा सिलिंडरच्या मधोमध सोडतात आणि दोन भिंतीकडे, म्हणून एकाच हेडमध्ये चांगले आणि वाईट पोर्ट असतात. फ्लोचा अहवाल मागताना दोन्हींचे आकडे मागा.

जुनी लोखंडी हेड घ्यायची तर आधी मॅग्नाफ्लक्स (तड्यांची चुंबकीय तपासणी) करून दोन्ही सीटच्या मधे आणि प्लगच्या भोवती तडे बघा. शिशाच्या पेट्रोलच्या काळातली असतील तर एक्झॉस्टला कडक सीट बसवा. मग गाइड, तीन कोनांचं सीटकाम, इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला ३० अंशांची धार, आणि सीटखालच्या वाटीची सफाई. ही बेरीज करून पाहिली की नव्या अॅल्युमिनियम हेडची किंमत तेवढी टोचत नाही. एडलब्रॉकचं परफॉर्मर आरपीएम ४५४-ओ २९० सीसी पोर्टचं आणि ११० सीसी चेंबरचं आहे. एएफआरचं २६५ सीसीचं ओव्हल त्याहून लहान पोर्टचं, आणि रोजच्या ४५४ साठी मला तेच जास्त पटतं. वर दोन्ही हेड मिळून पुढच्या चाकांवरचं तीसेक किलो वजन उतरतं.

मॅनिफोल्ड हेडच्याच पोर्टचा घ्या. ओव्हल मॅनिफोल्ड आयताकृती हेडवर ठेवला की जोडावर पायरी तयार होते. आणि ट्रकचं ३६६ किंवा ४२७ चं उंच डेकचं ब्लॉक असेल, तर डेक ०.४०० इंचांनी जास्त उंच आहे. साधा मॅनिफोल्ड त्यावर बसत नाही.

कॅम

आता कुठे कॅम. कॅटलॉगमध्ये दोन ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडी राहण्याचे क्रँकचे अंश) असतात: जाहिरातीचं आणि लिफ्टर (कॅमवर टेकणारा भाग) ०.०५० इंच उचलला गेल्यावरचं. दोन कंपन्यांची तुलना ०.०५० वरच करा, कारण जाहिरातीचं ड्युरेशन कोणी ०.००६ इंचावर मोजतं, कोणी ०.००४ वर. पण इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होते ते काढायला जाहिरातीचंच लागतं: ड्युरेशनचा अर्धा भाग अधिक इनटेक सेंटरलाइन (इनटेक पूर्ण उघडते तो अंश) वजा १८०. २८० अंशांचा कॅम १०६ वर बसवला तर पिस्टन खालच्या टोकावरून निघाल्यावर ६६ अंशांनी व्हॉल्व्ह बंद होते. तोवर खरं दाबणं सुरूच होत नाही.

४५४ चा ६.१३५ इंची रॉड धरला तर ६६ अंशांनंतर चारपैकी ३.०९ इंचच स्ट्रोक उरतो. वरच्या ९.७५ कॉम्प्रेशनच्या इंजिनात त्यामुळे प्रत्यक्ष, म्हणजे डायनॅमिक, कॉम्प्रेशन ७.८ येतं. पंपाच्या पेट्रोलवर साडेसात ते आठ हा चांगला पट्टा आहे, तेव्हा हे जुळलं. त्याच इंजिनात ३०० अंशांचा कॅम घातला की बंद होणं ७६ अंशांवर जातं आणि आकडा ७.१ होतो. आणि ८.३ च्या इंजिनात तो ३०० चा कॅम? ६.१. असं इंजिन आयडलला थरथरतं, काळा धूर सोडतं, ३,००० पर्यंत काहीच करत नाही, आणि मग मालक कार्ब्युरेटरला दोष देत जेट बदलत बसतो. ८.३ चं कॉम्प्रेशन बदलायचंच नसेल तर २६२ च्या जवळपासचा लहान कॅम घ्या. आकडा सातवर टिकतो आणि गाडी चालवायला सुखाची राहते.

घनफळ मोठं असलं की कॅम सौम्य वाटतो. ३५० मध्ये जो खडबडीत लागतो, तो ४५४ मध्ये आठ-दहा अंशांनी लहान असल्यासारखा वागतो. ०.०५० वर २१८ ते २२४ अंश: मूळचा कन्व्हर्टर, ३.३१ चा अॅक्सल, जड गाडी, ओढण्याचं काम. २३० ते २३६: ९.५ च्या वरचं कॉम्प्रेशन, २,४०० ते २,५०० आरपीएमला पकड घेणारा कन्व्हर्टर, ३.७३. यात ओव्हल हेड आणि ड्युअल प्लेन मॅनिफोल्ड असेल तर रस्त्यासाठी मी याच्या पुढे जात नाही. २४० च्या वर जायचं तर १० चं कॉम्प्रेशन, ३,००० चा कन्व्हर्टर आणि ब्रेकची वेगळी सोय ठेवा. पॉवर ब्रेकला आयडलवर पंधरा-सोळा इंच व्हॅक्यूम लागतो. तो दहावर आला की दुसऱ्यांदा ब्रेक दाबताना पेडल दगडासारखं होतं. हायड्रोबूस्ट (पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालणारा ब्रेक बूस्टर) लावणं हा त्यावरचा पक्का उपाय. व्हॅक्यूमचा डबा एक-दोन ब्रेकपुरता.

लोब सेपरेशन (कॅमवरच्या इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या, म्हणजे उंचवट्यांच्या, शिखरांतलं अंतर अंशांत) कार्ब्युरेटरच्या इंजिनाला ११० चांगलं. व्हॅक्यूम हवा असेल किंवा इंजेक्शन असेल तर ११२. एक्झॉस्ट पोर्ट इनटेकच्या मानाने कमजोर असतो, म्हणून एक्झॉस्टला ६ ते ८ अंश जास्त असलेला कॅम घ्या. मूळचे लोखंडी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ठेवणार असाल तर याची गरज आणखी वाढते. हेडर घेतले तर पावणेदोन इंचांचे नकोत, १ ७/८ किंवा २ इंची नळ्यांचे घ्या.

फ्लॅट टॅपेट (सपाट तळाचा लिफ्टर) की रोलर (चाक असलेला)? पैसे असतील तर हायड्रॉलिक रोलर, वाद नाही. आजच्या साध्या तेलात झिंक-फॉस्फरस कमी झालंय आणि फ्लॅट टॅपेटचे लोब पहिल्या अर्ध्या तासात झिजायचे प्रकार वाढलेत. पण मार्क ४ ब्लॉकमध्ये रोलर म्हणजे दुव्याने जोडलेले लिफ्टर आणि कॅम पुढे सरकू नये म्हणून टायमिंग कव्हरमागे बटण, खेळ ०.००५ ते ०.०१० इंच. १९९६ पासूनच्या जेन ६ (सहाव्या पिढीच्या) ब्लॉकमध्ये फॅक्टरीचीच रोलरची सोय आणि कॅमला रिटेनर प्लेट आहे, तिथला कॅम वेगळा. स्टीलच्या कोरचा रोलर कॅम डिस्ट्रिब्युटरचा लोखंडी गिअर खातो. कॅमच्या कार्डावर जो गिअर सांगितलाय तोच लावा. आणि १९६५-६६ चं ३९६ किंवा ४२७ ब्लॉक असेल, तर कॅमच्या शेवटच्या जर्नलवर खाच हवीच, नाहीतर लिफ्टरना तेलच पोचत नाही.

जुळवताना

स्प्रिंग कॅमसोबतची घ्या, हेडवर आधीच बसलेली तशीच चालवू नका. फ्लॅट टॅपेटला सीटवर ११० ते १३० पाउंड, हायड्रॉलिक रोलरला १४० ते १६०. बिग ब्लॉकची व्हॉल्व्ह जड असते, मूळची दांडी ३/८ इंच. ११/३२ ची दांडी घेतली तर तेवढ्याच स्प्रिंगवर आणखी काही शे आरपीएम मिळतात. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडायला ०.०६० इंच शिल्लक हवेत, रिटेनर आणि सील यांत ०.०५०.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांतलं अंतर हलक्या तपासणी-स्प्रिंग लावून डायल इंडिकेटरने मोजा: एक्झॉस्टला वरच्या टोकाआधी १० अंशांवर, इनटेकला नंतर १० अंशांवर. इनटेकला किमान ०.०८०, एक्झॉस्टला ०.१००. कॅम डिग्री व्हीलने (अंशांच्या खुणांच्या चकतीने) बसवा. खुणा जुळल्या म्हणजे १०६ आलंच असं नाही. चेनच्या गिअरमध्ये दोन-चार अंशांची चूक सर्रास निघते, आणि चार अंश मागे पडलेला कॅम तळाचा टॉर्क घेऊन जातो.

पुशरॉड इनटेकचा आखूड आणि एक्झॉस्टचा लांब, साधारण ८.२८ आणि ९.२५ इंच. हेड घासलं, गॅस्केट बदललं की लांबी पुन्हा मोजा. गाइड प्लेटमध्ये आणि हेडच्या भोकात रॉड घासतोय का ते पूर्ण लिफ्टला बघा. हायड्रॉलिक लिफ्टरचा खेळ शून्यावर आला की अर्धा फेरा पुढे. पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडणाऱ्या छिद्रांतल्या हेड बोल्टना सीलंट लावा. जेन ५ आणि जेन ६ ब्लॉकवर मार्क ४ ची हेड चढवत असाल, तर पाण्याच्या वाटा वेगळ्या असल्यामुळे त्यासाठीचंच गॅस्केट लागतं. चुकीचं लावलं तर पाणी तेलात उतरतं.

फ्लॅट टॅपेटचं ब्रेक-इन: दुहेरी स्प्रिंगमधली आतली काढून ठेवा, लोब आणि लिफ्टरच्या तोंडाला कॅमसोबतची पेस्ट, झिंक असलेलं ब्रेक-इन तेल, आणि तेलाचा पंप ड्रिलने फिरवून सगळ्या रॉकरना तेल येईपर्यंत प्राइम. कार्ब्युरेटर भरलेला आणि टायमिंग जवळपास ठरलेलं असू द्या, म्हणजे स्टार्टर मारत बसावं लागणार नाही. पेटताच २,००० ते २,५०० आरपीएम, आणि वीस-तीस मिनिटं आयडलला आणायचं नाही, कारण लोबवर तेल क्रँकच्या शिंतोड्यांनीच पोचतं. तापमान चढलं तर बंद करा, थंड होऊ द्या, उरलेली मिनिटं मग पूर्ण करा. पुशरॉड स्वतःभोवती फिरताना दिसले पाहिजेत. जो फिरत नाही त्याचा लिफ्टर अडकलाय, तिथेच थांबा.

मग तेल गरम असतानाच काढा आणि फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा. करडी पेस्ट आणि एखादा कण चालतो. चुंबकाला चिकटणारी चमकी दिसली तर मॅनिफोल्ड उचलून लिफ्टरची तोंडं सरळ पट्टीवर धरा. एकही तोंड खोलगट झालं असेल तर कॅम आणि सोळाही लिफ्टर बदलायचे, आणि तेलासोबत फिरलेल्या त्या चुऱ्यासाठी बेअरिंग उघडून बघायची.